कुटुंबाचे छायाचित्र कसे टिपावे : भोपाळच्या सहलीनिमित्त काही उपयुक्त सूचना

नाताळ जवळ आला, की गोव्याच्या किनाऱ्यांवर पर्यटकांची वर्दळ वाढते आणि त्याच सुमारास अनेक गोमंतकीय कुटुंबे बाहेरगावची वाट धरतात. अशा सहलीसाठी भोपाळ हे सोयीचे ठिकाण आहे. वास्कोहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस मडगाव, बेळगाव, मिरज, पुणे आणि भुसावळ असा पल्ला गाठत भोपाळला थेट पोहोचवते. शहरात मोठा तलाव आहे आणि सांची व भीमबेटका ही दोन जागतिक वारसास्थळे दिवसाभराच्या फेरीच्या अंतरावर आहेत. हिवाळ्यात हवाही कोरडी आणि आल्हाददायक असते.

सहलीहून परतताना प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये शेकडो छायाचित्रे जमलेली असतात. मात्र, त्यांपैकी मागे वळून पाहावीशी वाटणारी मोजकीच निघतात. काहींत चेहरे काळवंडलेले असतात, काहींत वास्तू भव्य दिसते आणि माणसे मुंगीएवढी होतात. काही वर्षे उलटल्यावर तर ‘हे कुठले ठिकाण आणि ही शेजारी उभी असलेली बाई कोण?’ असा प्रश्न घरातच पडतो.

चांगल्या कौटुंबिक छायाचित्राच्या कसोट्या चार आहेत. चेहरा स्पष्ट दिसावा, माणसांमधले नाते जाणवावे, स्थळ ओळखता यावे आणि छायाचित्रातील व्यक्तींची नावे हरवू नयेत. पहिल्या तीन कसोट्या तंत्राच्या आहेत आणि त्या थोड्या सरावाने साधतात. चौथीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तिचे मोल भोपाळने अतिशय दारुण प्रसंगातून जगाला दाखवले आहे. त्याचा उल्लेख लेखाच्या उत्तरार्धात येईल.

निघण्यापूर्वीची तयारी

कौटुंबिक छायाचित्रणासाठी महागडा कॅमेरा अनिवार्य नाही. आजचा साधारण स्मार्टफोनही पुरेसा असतो. निघण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे मोबाईलमधील रिकामी जागा. जुनी चित्रे आधीच अन्यत्र साठवून ठेवली, तर ऐन वेळी घाईघाईने काही पुसण्याची पाळी येत नाही. दुसरी गोष्ट विजेची. थंडीत बॅटरी काहीशी लवकर उतरते, त्यामुळे पॉवर बँक सोबत असावी. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण परिणाम मोठा करते. मोबाईलच्या मागील भिंगावर बोटांचे तेलकट ठसे उमटलेले असतात आणि त्यामुळे चित्र धुरकट दिसते. स्वच्छ सुती कापडाने भिंग पुसण्याची सवय ठेवावी.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरील जाळीच्या रेषा सुरू कराव्यात. त्यामुळे क्षितिज आणि वास्तूचे खांब तिरके होत नाहीत. कुटुंबातील किमान दोघांना टायमर कसा लावायचा हे ठाऊक असावे. लहान मोबाईल स्टँड जवळ असल्यास घरात आणि मुक्कामाच्या ठिकाणी उपयोगी पडतो. संरक्षित स्मारकांच्या परिसरात मात्र तिपाईसाठी परवानगी लागते. तिथे दगडी कठडा किंवा पाठीवरची पिशवी यांचा आधार घेऊन काम भागवावे.

रेल्वेचा प्रवासही छायाचित्रांसाठी वाया घालवू नये. डब्याच्या खिडकीतून येणारा प्रकाश एका बाजूने चेहऱ्यावर पडतो आणि तो अतिशय सौम्य असतो. खिडकीशी बसलेल्या आजोबांचे बाहेर पाहतानाचे किंवा शिदोरी सोडतानाचे चित्र, स्थानकाच्या फलकाखाली रांगेत उभे राहून काढलेल्या चित्रापेक्षा सहसा अधिक बोलके ठरते.

प्रकाशाचे वेळापत्रक

छायाचित्राचा निम्मा निकाल प्रकाश लावतो. गोव्यातून जाणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवायला हवा. भोपाळ गोव्याच्या उत्तरेला आणि बरेच पूर्वेलाही आहे. त्यामुळे डिसेंबरअखेर तेथे सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी पावणेसहाच्या आतबाहेर मावळतो. गोव्याच्या तुलनेत संध्याकाळ सुमारे अर्धा तास आधी उतरते. ‘सहा वाजता तलावावर जाऊ’ असे ठरवणाऱ्याच्या हाती अंधारच लागेल.

दुसरा फरक फायद्याचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस भोपाळमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांपर्यंतच वर चढतो. गोव्यात तो सुमारे ५१ अंशांवर असतो. सूर्य डोक्यावर येत नसल्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली पडणाऱ्या गडद सावल्या तुलनेने कमी त्रास देतात. तरीही उत्तम वेळ म्हणजे सकाळी साडेसात ते नऊ आणि दुपारी चार ते साडेपाच. या वेळी प्रकाश तिरपा, उबदार आणि चेहऱ्याला उजळणारा असतो.

‘सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा’ हा जुना नियम माणसांच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. थेट सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे मिटू लागतात आणि कपाळाला आठ्या पडतात. सूर्य एका खांद्याच्या बाजूने येईल असे उभे करावे किंवा मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत घ्यावे. वऱ्हांडा, कमान, दाट झाड किंवा भिंतीची सावली चालते. मात्र, झाडाच्या पानांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडत असेल, तर ती जागा टाळावी. चेहऱ्यांवर पांढरे डाग उमटतात.

उजेड मागून येत असेल, तर मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे. कॅमेरा त्या चेहऱ्यानुसार उजेडाचे मोजमाप करतो. बहुतेक फोनमध्ये त्याच वेळी सूर्याचे छोटे चिन्ह दिसते. ते वर सरकवले की चित्र उजळते आणि खाली सरकवले की गडद होते. कुटुंबात कोणी पांढरे सदरे, कोणी गडद साड्या नेसलेल्या असतील, तेव्हा कपड्यांकडे न पाहता चेहऱ्यांकडे पाहूनच हा उजेड ठरवावा.

माणसे जवळ, वास्तू दूर

सहलीच्या छायाचित्रांतील सर्वाधिक आढळणारी चूक एकच आहे. वास्तू पूर्ण यावी म्हणून कुटुंबाला तिच्या पायथ्याशी उभे केले जाते आणि छायाचित्रकार मागे मागे सरकत जातो. परिणामी वास्तू येते आणि माणसे ओळखू येत नाहीत. याचा उपाय उलटा आहे. सर्वांनीच वास्तूपासून दूर यावे. मग माणसांना कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटरवर उभे करावे. दूरची वास्तू त्यांच्या मागे आपोआप मावते आणि चेहरे मोठे राहतात.

मोबाईलचे मुख्य भिंग रुंद दृश्य टिपणारे असते. अगदी जवळून चित्र घेतल्यास नाक मोठे दिसते आणि कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे व खांदे ताणले जातात. अतिरुंद भिंगात हा दोष आणखी वाढतो. म्हणून एक-दोघांचे चित्र घेताना थोडे मागे सरून दुप्पट झूम वापरावा. समूहाचे चित्र घेताना कडेला थोडी रिकामी जागा सोडावी. कॅमेरा साधारणपणे माणसांच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा. लहान मुलांसाठी छायाचित्रकाराने गुडघे टेकून खाली बसावे. उभ्याने वरून काढलेल्या चित्रात मूल बुटके आणि परके दिसते.

पार्श्वभूमीवरही एक नजर टाकावी. डोक्यामागून उगवल्यासारखा दिसणारा दिव्याचा खांब, कचऱ्याची पेटी किंवा अनोळखी गर्दी एक पाऊल डावी-उजवीकडे सरकल्याने टळते.

भोपाळ परिसरातील चार जागा

सांची : भोपाळच्या ईशान्येस, पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या सांचीचा १९८९ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथील मुख्य स्तूपाचा व्यास सुमारे ३६ मीटर आहे आणि त्याच्या चार दिशांना चार तोरणे आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे दक्षिण बाजू उन्हात राहते, तर उत्तर तोरणाच्या बाहेरील बाजूस दिवसाचा बराच वेळ सावली असते. दुपारी पोहोचलेल्या कुटुंबाने याच बाजूस उभे राहावे. तेथे चेहऱ्यांवर एकसारखा सौम्य उजेड मिळतो आणि कोरीवकामाने भरलेले तोरण मागे येते. उघडे आकाश पांढरे पडू नये म्हणून चौकटीत ते कमी घ्यावे.

भीमबेटका : भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवरील या शैलाश्रयांचे महत्त्व १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी प्रकाशात आणले. रेल्वेच्या प्रवासात दिसलेल्या खडकांच्या रचनेने त्यांचे लक्ष वेधून घेतले होते. २००३ मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. येथील चित्रांत शिकारीचे प्रसंग, प्राणी आणि रांगेने नाचणारी माणसे आहेत. शैलाश्रयाच्या आत अंधूक उजेड असतो आणि बाहेर लख्ख ऊन असते. अशा वेळी कुटुंबाला खडकाच्या छपराखाली, पण कडेजवळ, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून उभे करावे. चित्रांवर फ्लॅश टाकू नये आणि खडकाला टेकू नये किंवा हात लावू नये.

भारत भवन : श्यामला टेकडीवर तलावाच्या बाजूस उतरत जाणारी ही कलावास्तू १९८२ मध्ये खुली झाली. तिचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया हे मूळचे गोमंतकीय कुटुंबातील होते. पणजीत मांडवीकाठी उभी असलेली कला अकादमी हीदेखील त्यांचीच निर्मिती आहे. दोन्ही वास्तूंत मोकळे चौक, पायऱ्या आणि पाण्याकडे उघडणारी दृष्टी हे साम्य सहज दिसते. पायऱ्यांवर तीन पिढ्यांना वेगवेगळ्या उंचीवर बसवता येते आणि चौकातील भिंतींवरून परावर्तित होणारा प्रकाश चेहऱ्यांना मानवतो. दालनांतील कलाकृतींची छायाचित्रे घेण्यापूर्वी तेथील नियम विचारून घ्यावेत. याच टेकडीवरील मानव संग्रहालयात देशाच्या निरनिराळ्या भागांतील पारंपरिक घरे उभी केली आहेत. घराच्या उंबऱ्याच्या किंचित आत उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दारातून येणारा उजेड फार सुंदर पडतो. गोव्यातील जुन्या घरांच्या बाल्कांवातही हाच प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

मोठा तलाव : परमार राजा भोज याच्या नावाशी जोडलेल्या या तलावाच्या काठी, व्हीआयपी रस्त्यावरून सूर्यास्त पाहण्यासाठी गर्दी होते. मावळत्या सूर्यासमोर उभ्या केलेल्या माणसांच्या केवळ काळ्या आकृत्या येतात. तसे चित्र एखादे असावे, सारीच तशी नसावीत. सूर्य मावळण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे आधी, उजेड बाजूने येईल अशा रीतीने कुटुंबाला उभे करावे. सूर्य बुडाल्यावरही लगेच निघू नये. पुढची दहा-पंधरा मिनिटे आकाश आणि पाणी मंद उजळलेले असते आणि चेहऱ्यांवर कठोर सावली नसते.

समूहचित्राचे गणित

दहा-पंधरा जणांच्या समूहचित्रात कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. या तक्रारीवर ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी गणिती उत्तर शोधले आणि त्यासाठी त्यांना २००६ चे इग नोबेल पारितोषिक मिळाले. विनोदाच्या अंगाने दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकामागचा नियम मात्र कामाचा आहे. वीसपेक्षा कमी माणसे असतील, तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तिनाने आणि मंद उजेडात दोनाने भागावे. येईल तितकी छायाचित्रे सलग काढली, तर त्यांतील एकात सर्वांचे डोळे उघडे असण्याची शक्यता भरपूर असते. बारा जणांसाठी उन्हात चार आणि संध्याकाळी सहा, असा हा हिशेब आहे.

मांडणी करताना उंचीपेक्षा नात्याचा विचार आधी करावा. आजी-आजोबांना मध्यभागी बसवावे, त्यांच्या मांडीशी नातवंडे असावीत आणि मागे मुलगे, सुना, लेकी, जावई उभे राहावेत. खांद्यावर हात, बोटात धरलेले बोट, एकमेकांकडे झुकलेली मान यांतून नाते दिसते. भीमबेटक्याच्या अनाम चित्रकारांनीही नाचणाऱ्या माणसांना एका ओळीत, एका लयीत गुंफले होते. सर्वांनी ताठ उभे राहून काढलेले पहिले चित्र झाले, की ‘झाले’ असे म्हणून कॅमेरा खाली घेऊ नये. त्यानंतर लगेच जे हसू फुटते, जी थट्टा सुरू होते, तिचे चित्र बहुतेकदा पहिल्यापेक्षा सरस असते.

दिव्यांच्या उजेडात

दिवाळीतील पणत्या, आकाशकंदील, नाताळातील तारे आणि गोठा यांची छायाचित्रे घेताना पहिली गोष्ट म्हणजे फ्लॅश बंद करावा. मोबाईलच्या फ्लॅशचा उजेड दोन-तीन मीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही. पुढचे चेहरे पांढरेफटक होतात, मागचे अंधारात जातात आणि दिव्यांचा सोनेरी रंगच नाहीसा होतो. पणत्या चेहऱ्याच्या समोर किंवा किंचित बाजूला, छातीच्या उंचीला असाव्यात. एकाऐवजी पाच-सहा पणत्यांचे तबक हाती दिल्यास उजेड पुरतो. मुलांच्या हाती तबक देताना सैल ओढणी, पदर आणि केस ज्योतीपासून दूर आहेत ना, हे मोठ्यांनी पाहावे.

रात्रीच्या मोडमध्ये कॅमेरा एक-दोन सेकंद किंवा अधिक वेळ उजेड गोळा करतो. तेवढा वेळ फोन आणि माणसे दोघेही स्थिर हवेत. फोन भिंतीला टेकवावा आणि टायमर लावावा, म्हणजे बोटाच्या दाबाने तो हलत नाही. घरात पिवळा दिवा आणि पांढरी ट्यूब एकाच वेळी चालू असेल, तर चेहऱ्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर दिसते. त्यांपैकी एक दिवा बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. रांगोळीचे चित्र सरळ वरून घ्यावे, पण ती काढणाऱ्या हातांचे चित्र विसरू नये.

मुले, ज्येष्ठ आणि नेहमी अनुपस्थित असणारी व्यक्ती

मुलांना ‘इकडे बघ, हास’ असे सांगत राहिल्यास ती लवकर कंटाळतात आणि कृत्रिम हसतात. त्यांना काही काम द्यावे. तिकिटे मोजायला सांगावे, कोरीवकामातील हत्ती शोधायला सांगावे किंवा आजीला वाट दाखवायला लावावे. चित्र आपोआप मिळते. धावत्या मुलांसाठी भरपूर उजेड आणि सलग छायाचित्रे घेण्याची सोय वापरावी.

ज्येष्ठांच्या बाबतीत त्यांची सोय आधी पाहावी. उन्हात ताटकळत उभे करू नये. चष्म्यावर चकाकी येत असेल, तर चेहरा किंचित खाली किंवा बाजूला वळवण्याची विनंती करावी. चष्मा काढायला लावू नये. ज्या चेहऱ्याला नातवंडे ओळखतात तो चष्म्यासहच असतो. त्यांचे हात, जपमाळ, पानाचा डबा किंवा अडकित्ता यांचेही एखादे चित्र घ्यावे. चेहरा हा आठवणीचा एक भाग आहे, सवयी हा दुसरा.

बहुतेक घरांत छायाचित्रे घेणारी व्यक्ती ठरलेली असते. वर्षानुवर्षांचे अल्बम चाळले तर तीच व्यक्ती कुठेच दिसत नाही. कित्येक घरांत ती आई असते. सहलीच्या प्रत्येक दिवशी निदान एकदा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती जाईल, असा नियमच घालून घ्यावा. टायमर लावावा, थोरल्या मुलाला शिकवावे किंवा शेजारच्या प्रवाशाला विनंती करावी. चित्र तांत्रिकदृष्ट्या थोडे कमी पडले तरी चालेल.

ज्या मुलाचे नाव कोणालाच कळले नाही

भोपाळमधून जगभर गेलेले सर्वाधिक परिचित छायाचित्र एका लहान मुलाचे आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू गळाला आणि झोपेत असलेल्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या दिवसांत पुरल्या जात असलेल्या एका बालकाचा मातीतून दिसणारा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोन छायाचित्रकारांनी टिपला. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला १९८४ चा ‘वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर’ हा बहुमान मिळाला. ते मूल कोणाचे होते, त्याचे नाव काय होते, हे मात्र कळले नाही. हे चित्र ‘अनाम बालक’ म्हणूनच ओळखले जाते.

त्याच दिवसांत ओळख न पटलेल्या मृतांची छायाचित्रे काढून ठेवण्यात आली, जेणेकरून नातेवाइकांना आपले माणूस शोधता यावे. कित्येक कुटुंबांसाठी घरातला एखादा साधा जुना फोटो हीच गेलेल्या माणसाची एकमेव खूण उरली. दुर्घटनेला तीस वर्षे झाली तेव्हा, डिसेंबर २०१४ मध्ये, वाचलेल्यांच्या सहभागातून भोपाळमध्ये ‘रिमेंबर भोपाळ’ हे संग्रहालय उभे राहिले. तेथे मृतांचे कपडे, मुलांची खेळणी आणि कौटुंबिक छायाचित्रे जपलेली आहेत, आणि आप्तांच्या ध्वनिमुद्रित आठवणी ऐकता येतात. त्या छायाचित्रांत रचनेचे कौशल्य कोणी शोधत नाही. त्या चेहऱ्यांना नाव आहे आणि ते नाव सांगणारा कोणीतरी आहे, यातच त्यांचे मोल आहे.

सांचीचा स्तूपही वेगळ्या रीतीने हेच सांगतो. त्याच्या दगडी कठड्यांवर आणि तोरणांवर ब्राह्मी लिपीतील शेकडो छोटे दानलेख आहेत. त्यांत राजांपेक्षा सामान्य माणसे अधिक आहेत. भिक्षू, भिक्षुणी, गृहस्थ, त्यांच्या स्त्रिया आणि व्यापारी यांनी आपले नाव आणि कित्येकदा आपले गाव कोरून ठेवले आहे. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचाही उल्लेख आहे. दोन हजार वर्षांनंतर ती माणसे ओळखीची वाटतात, ती या एका ओळीमुळे.

नाव लिहावे, चित्र जपावे

सहलीहून परतल्यावर पहिल्या आठवड्यातच चित्रांची निवड करावी. सारखी दिसणारी काढून टाकावीत आणि उत्तम पंचवीस-तीस वेगळ्या संचात ठेवावीत. प्रत्येक चित्राच्या वर्णनात चार गोष्टी लिहाव्यात : नावे डावीकडून उजवीकडे, नाते, ठिकाण आणि तारीख. ‘आई’, ‘काका’, ‘मावशी’ एवढेच लिहू नये. लिहिणाऱ्याची आई ही पुढच्या पिढीची आजी किंवा पणजी असते, म्हणून पूर्ण नाव हवे. घरातील जुन्या छायाचित्रांसाठीही हीच सुट्टी वापरावी. आजी-आजोबांसमोर जुना अल्बम उघडावा आणि त्यांनी सांगितलेली नावे लिहून घ्यावीत किंवा मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावीत. हे काम पुढे ढकलले, तर ती माहिती पुन्हा कुठूनही मिळत नाही.

मोजक्या चित्रांचे कागदी ठसे अवश्य काढावेत. उत्तम छपाईसाठी दर इंचाला ३०० बिंदू धरले, तर चार बाय सहा इंचांच्या चित्राला १२०० बाय १८०० बिंदू, म्हणजे सुमारे दोन मेगापिक्सेल पुरतात. आठ बाय दहा इंचांसाठी सुमारे सात मेगापिक्सेल लागतात. आजच्या बहुतेक मोबाईलची क्षमता याहून अधिक आहे. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो आणि शाई पसरते. चिकट पानांचे अल्बम टाळावेत. गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, बुरशी हा छायाचित्रांचा मोठा शत्रू आहे. अल्बम भिंतीला टेकलेल्या कपाटात खालच्या फळीवर ठेवू नयेत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि कोरड्या दिवसांत अल्बम उघडून हवा द्यावी.

डिजिटल चित्रांसाठी तीन-दोन-एक हा नियम प्रचलित आहे. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. मोबाईल, हार्ड डिस्क आणि क्लाउड अशी विभागणी सोपी पडते. गुगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण जून २०२१ पासून बंद झाली असून १५ जीबीची मोफत जागा ईमेल आणि ड्राइव्ह यांच्यासह मिळून वापरावी लागते, हे ध्यानात असावे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या चित्राची गुणवत्ता घटते. छपाईसाठी किंवा जतनासाठी चित्र हवे असल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

एक सावधगिरीही आवश्यक आहे. मोबाईलच्या चित्रात अनेकदा ठिकाणाची नोंद आपोआप साठते. घरच्या संग्रहासाठी ती उपयुक्त आहे. मात्र, मुलांची छायाचित्रे, त्यांचे पूर्ण नाव, शाळा आणि सध्याचा मुक्काम एकत्रितपणे समाजमाध्यमांवर टाकू नये. नाव लिहायचे ते घरच्या अल्बममध्ये, आपल्या माणसांसाठी. सहलीची चित्रे परतल्यावरच प्रसिद्ध करणे श्रेयस्कर.

शेवटी, प्रत्येक क्षण टिपलाच पाहिजे असे नाही. तलावाकाठी दहा मिनिटे छायाचित्रांना द्यावीत आणि मग मोबाईल खिशात ठेवून सर्वांसोबत मावळतीकडे पाहावे. घरी परतल्यावर मात्र एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून त्या चित्रांना नावे द्यावीत. सुट्टीतील छायाचित्रणाचे काम तेव्हाच पूर्ण होते.